दुसरीसारखी दिसणारी तिसरी

कंपनीनं ‘छोटी’ ही गाडी बंद केल्याची बातमी येऊन आठवडा झाला होता, आणि आठवडाभर मिस्त्रीच्या घरात आजाऱ्याच्या खोलीबाहेर बोलतात तसं दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मग गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी थोरल्यानं सगळ्यांना गॅरेजमध्येच बोलावलं. घरी का नाही, हे ताईनं विचारलं नाही. घरी बोलावलं असतं तर मिस्त्री भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेणार, हे तिला पाठ होतं. गॅरेजमधून मात्र तो उठून जाणार कुठं?

ताई मिस्त्रीची लेक, दोन भावांमधली. सव्वीस वर्षं ती गॅरेजच्या पार्टच्या काउंटरवर बसत होती. गिऱ्हाइकं ताई म्हणत म्हणून बापही ताई म्हणायचा, आणि तिच्याहून तीन वर्षांनी मोठा असलेला थोरलाही. काउंटरच्या मागे एक खिडकी होती. तिथून आख्खं गॅरेज दिसायचं आणि ऐकूही यायचं. त्या खिडकीनं तिचं वाटोळं केलं होतं, पण ते पुढं येईलच.

लोक घराण्याचा इतिहास म्हणून तलवारी सांगतात, जमिनी सांगतात, पणजोबा कुणाच्या पंक्तीला बसला होता ते सांगतात. या घराण्याचा इतिहास म्हणजे एक गाडी. तीही स्वतःची नाही, लोकांची, आणि बिघडलेली. दारावरची पाटी सांगायची, ‘येथे फक्त छोटी दुरुस्त होईल.’ दुसरी कुठली गाडी आली की मिस्त्री बॉनेटही न उघडता म्हणायचा, "ही आमच्या नात्यातली नाही."

छोटीच्या पाच पिढ्या झाल्या. पहिलीला सगळे डबा म्हणत. साबणाच्या वडीसारखी चौकोनी. दार बडवल्याशिवाय लागायचं नाही, पण एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन शिव्या एवढ्यावर ती कुठंही उभी राहिली असेल तिथून घरी यायची. मिस्त्रीनं संसार उभा केला तो डब्यावर. दुसरी आली ती गोल, कोपरे झिजवून गुळगुळीत केलेली. तिच्या काळात थोरला पान्याला हात लावायला शिकला. तिसरी आली ती दिसायला हुबेहूब दुसरी. तोच पत्रा, तीच दारं, तोच मागचा दिवा. कंपनीनं चेहरा ठेवला आणि काळीज बदललं. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. ते शिकायला मिस्त्रीनं धाकट्याला कंपनीच्या वर्गाला पाठवलं. चौथी उंच झाली, तिच्यात छातीपुढे फुगणाऱ्या पिशव्या आल्या. पाचवीला तर आधी संगणक जोडायचा, कुठं दुखतंय ते तिनं सांगायचं, मग आपण हात लावायचा. मिस्त्री तिला ‘मॅडम’ म्हणायचा आणि तिच्यापासून चार हात लांब राहायचा.

ताईला पाचही पिढ्या वजनावरून कळायच्या. डोळे बांधून हातात फिल्टर द्या, ती पिढी सांगायची. गिऱ्हाइकं याच्यावर पैजा लावायची. ती कधी हरली नव्हती.

त्या सकाळी खड्ड्याजवळच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. मिस्त्री त्याच्या स्टुलावर बसला होता, डावा हात मांडीवर उलटा ठेवून. त्या हाताची तीन बोटं अकरा वर्षांपूर्वी भाजून एकमेकांना चिकटली होती. त्याच्या पाठीमागे भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं, ‘येथे सिगारेट ओढू नये.’ खाली धाकट्याचा फोटो. फोटो आठवणीसाठी लावलेला नव्हता, धाकासाठी लावला होता. कुणी गिऱ्हाईक खिशात हात घालून काडेपेटी चाचपायला लागलं की मिस्त्री फोटोकडे बोट करायचा. "माझा मुलगा. त्यानंही एकच ओढली होती."

स्वतःच्या पोटच्या पोराचा बाप असा वापर करतो, आणि आख्खं घर ते अकरा वर्षं बघत जेवतं. माणसं अशीच असतात. वाईट नसतात, फक्त त्यांना सवय होते.

"चहा घ्या आधी," थोरली म्हणाली. ती थर्मास घेऊन आली होती. थोरल्याची बायको, घरातल्या प्रत्येक भांडणात आधी चहा ओतणारी.

"चहा नंतर," थोरला म्हणाला. "मी सरळ सांगतो. छोटी संपली. पाचवीनंतर सहावी नाही. बॅटरीच्या गाड्या विकणारा एक जण जागा बघून गेलाय. त्याला ही जागा हवी आहे. मी साठीला आलो, ताईचे गुडघे गेले. बाबांचं तर..."

"माझं काय?" मिस्त्री म्हणाला.

"तुमचं वय झालं, बाबा."

"वय सगळ्यांचंच होतं. तुझं जरा लवकर झालं."

पक्कड हसली. ती धाकट्याची मुलगी, बावीस वर्षांची. तान्ही असताना हातात जे येईल ते धरायची आणि रडली तरी सोडायची नाही, म्हणून बापानं तिला पक्कड हे नाव ठेवलं होतं. दोन वर्षं मोटर मेकॅनिकचा कोर्स करून आता ती याच गॅरेजमध्ये तिसरी, चौथी, पाचवी सांभाळत होती. खरं तर गॅरेज तीच चालवत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

"काका, कंपनीनं बनवायची बंद केली," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या गाड्या काय हवेत विरघळल्या? अजून वीस वर्षं फिरतील. आणि जितक्या जुन्या होतील तितक्या जास्त आपल्याकडे येतील. डॉक्टर म्हाताऱ्यांना कंटाळून दवाखाना विकतात का कधी?"

"वीस वर्षं बघणार कोण?"

"मी."

"एकटी?"

"आजोबा एकटेच होते की सुरुवातीला."

मिस्त्रीच्या तोंडाची एक बाजू हलली. ताईला वाटलं, झालं, जिंकली पोरगी. थोरल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी म्हणजे पक्कडची आई. ती खुर्ची सगळ्यांपासून थोडी मागे, दाराजवळ ओढून बसली होती. अकरा वर्षांत ती गॅरेजच्या आत पाच-सहा वेळाच आली असेल. ती एका शाळेच्या कचेरीत टाइप करायची. घरात कमी बोलायची, आणि बोलली की वाद संपायचा.

"विकून टाका," ती म्हणाली.

"आई."

"विकून टाका म्हटलं ना. माझी जिथं सही लागेल तिथं मी करते."

"आई, आपलं काल बोलणं झालं होतं."

"तू बोलत होतीस. मी ऐकत होते." धाकटीनं फोटोकडे पाहिलं नाही. ती कधीच पाहायची नाही. "तुझ्या बापानं मला शब्द दिला होता, सोडली म्हणून. माझ्या डोक्यावर हात ठेवून. आणि पेट्रोलपाशी उभं राहून ओढत होता. त्याला स्वतःचा जीव नको होता, ठीक आहे. बाबांचा हात घेऊन गेला. घराला मान खाली घालायला लावली. आता तू रोज त्याच पाटीखाली उभी राहून पाने फिरवणार, आणि येणारा-जाणारा म्हणणार, ही त्याची मुलगी. मला नको ते."

थोरल्यानं चपलेचा अंगठा जमिनीवर घासला. ताईनं तो अंगठा पाहिला. इथं बसलेल्यांत दोनच माणसांना माहीत होतं की धाकटी नवऱ्यावर घेते आहे तो आळ खोटा आहे. त्यातला एक अंगठा घासत होता. दुसरी ती स्वतः.

"सून बरोबर बोलते," मिस्त्री म्हणाला. तो पक्कडकडे वळला, आणि त्याचा आवाज मऊ झाला, म्हणून जास्त लागला. "तुझा हात चांगला आहे, पोरी. तुझ्या काकापेक्षा चांगला. तुला चावी द्यावी असं मला सहा महिने वाटतंय. पण रात्री मनात येतं, त्याचाही हात चांगलाच होता. माझ्यापेक्षा चांगला. नुसत्या हातानं होत नाही. शिस्त लागते. ती त्याच्यात नव्हती. तुझ्यात असेल का, मला सांगता येत नाही. दुसरं पोर मी या भिंतीवर लावणार नाही."

पक्कडचे डोळे भरले, पण ती नाव सार्थ करणारी होती. तिनं धरलेलं सोडलं नाही.

"मला नीट सांगा तरी," ती म्हणाली. "काय झालं होतं ते मला कुणी नीट सांगितलंच नाही. पेट्रोल सांडलं आणि पप्पांच्या तोंडात सिगारेट होती, एवढंच माहीत आहे मला. शिस्त म्हणताय ना? मग सांगा. मीच तुम्हाला दाखवते कुठं चुकलं आणि मी तिथं काय करते."

"जुनं उकरून काय मिळणार?" थोरला पटकन म्हणाला. फार पटकन.

"सांगतो की," मिस्त्री म्हणाला. "त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

ताईनं खुर्चीचा हात धरला.

मिस्त्रीनं सांगितलं. साधं, हत्यारं मांडून ठेवावीत तसं. गिऱ्हाईक घाईत होतं, लांबच्या प्रवासाला निघालेलं. गाडी ओढत नाही म्हणत होतं. फिल्टर तुंबला असणार. धाकटा दुसऱ्या गाडीच्या क्लचमध्ये होता. मिस्त्री म्हणाला, फिल्टरच आहे, मीच टाकतो. जन्मभर हजार वेळा टाकला असेल. संध्याकाळ होती, इंजिनात अंधार होता, म्हणून धाकट्याला दिवा धरायला बोलावलं. हातातला, तारेच्या जाळीत बल्ब असतो तो. मिस्त्रीनं पाइप ओढला.

"आणि एकदम पांढरं झालं डोळ्यांपुढे," तो म्हणाला. "बस्स. पाइप काढला की चार थेंब पडतात. नेहमीच पडतात. फडक्यानं पुसले की झालं. चार थेंबांवर गाडी पेटत नाही. त्याच्या तोंडात ती होती म्हणून पेटली. मी मान वर करून पाहिलं नव्हतं त्याच्याकडे, तीच चूक."

"इंजिन बंद होतं?" पक्कडनं विचारलं.

"म्हणजे काय? चालू इंजिनाचा पाइप काढायला मी काय वेडा आहे? किल्ली काढून खिशात घातली होती."

"गाडी कुठली होती?"

"गोल."

"गोल म्हणजे दुसरी की तिसरी?"

मिस्त्री थांबला. "दिसायला दुसरीच," तो म्हणाला.

"दुसरीच होती," थोरला म्हणाला.

"काका, तुम्ही होतात तिथं?"

"मी गाडी पोचवायला गेलो होतो. पण मला माहीत आहे."

पक्कड काउंटरकडे वळली. काउंटर रिकामा होता, मग तिला आठवलं आणि ती खुर्चीवर बसलेल्या ताईकडे वळली.

"आत्या, फिल्टर तूच दिला असशील. कुठला दिलास?"

गोष्ट एवढ्याशा प्रश्नाशी येऊन थांबली. थोरल्यानं ताईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात दवाखान्याचा तो व्हरांडा होता. तिथल्या बाकावर बसून तिनं त्याला खिडकीतून दिसलेलं सांगितलं होतं, आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मग हात काढून म्हणाला होता, "तो सकाळपर्यंत राहत नाही म्हणतात. तो गेला तर बाबांवर केस होईल. केसमधून सुटले तरी हे कळल्यावर बाबा जगतील? एक तर जातोच आहे, ताई. दुसरा तरी राहू दे." आणि मग, बाहेर बघत, "तो ओढायचाच की. कुणीही मानेल." माणूस मेला की त्याच्या नावावर काहीही खपतं, तो उलटून बोलत नाही. पोलीस आले तेव्हा थोरल्यानं सांगितलं आणि ताईनं खाली सही केली. साक्षीदार म्हणून.

आत्ता तिला फक्त ‘दुसरीचा’ म्हणायचं होतं.

"तिसरीचा," ताई म्हणाली. "लोखंडी, वरच्या बाजूला चिमट्याचा. मी बाबांना म्हटलंही होतं... नाही. म्हटलं नव्हतं. नुसता दिला."

पक्कडच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणी नळी लावून काढून घ्यावं तसं उतरलं. ती आजोबांकडे बघत राहिली. त्यांच्या उलट्या ठेवलेल्या हाताकडे, मग भिंतीकडे, फोटोकडे.

"काय झालं?" धाकटीनं दारातून विचारलं.

"काही नाही."

"काय झालं म्हणते मी?"

"काही नाही, आई. बरोबर आहे. चार थेंबच पडतात." पक्कडनं खुर्चीवरची ओढणी उचलली. "काका म्हणतात ते ठीक आहे. विकूया."

थोरल्यानं श्वास सोडला. ताईनं तो ऐकला. आणि तिला दिसलं की बावीस वर्षांची पोर एका मिनिटात तीच झाली होती जी ती स्वतः अकरा वर्षं होती. म्हाताऱ्याला वाचवायचं म्हणून गिळून बसलेली. सही सुद्धा न करता साक्षीदार. एक पिढी पुरली नाही, आता दुसरीवर चढवायचं. आणि वर याला माया म्हणायचं.

"बस खाली," ताई म्हणाली.

"आत्या, जाऊ दे."

"बस म्हटलं ना. तू नाही सांगायचं. ते माझं काम आहे, मी अकरा वर्षं कामचुकारपणा केला."

"ताई," थोरला उठला, "विचार कर. त्यांच्याकडे बघ एकदा."

"तूच बघ त्यांच्याकडे. तिसरी दुरुस्तीला आली की त्यांना बाजार आणायला पाठवायचास, ते तरी का करायचास? हात दुखेल म्हणून?" ती बापाकडे वळली. तिला वाटलं होतं आवाज फुटेल. फुटला नाही. पार्टचा नंबर सांगावा तसा आला. "बाबा, त्याच्या तोंडात सिगारेट नव्हती. मी खिडकीतून बघत होते. एका हातात दिवा होता, दुसरा हात तुमच्या खांद्यावर होता."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नाही, धक्काही बसलेला दिसला नाही. भलत्याच गाडीचा पार्ट हातात आल्यावर तो असाच बघायचा.

"मग पेटली कशी?" त्यानं विचारलं.

ताईनं पक्कडकडे पाहिलं. पक्कडनं मान हलवली, नको म्हणून. मग तिनंही सोडून दिलं. जन्मात पहिल्यांदा असेल.

"तिसरीत टाकीतच पंप असतो, आजोबा," ती म्हणाली. "दाबानं पेट्रोल पाठवतो. डब्यात आणि दुसरीत इंजिन बंद झालं की पेट्रोल बंद. तिसरीत इंजिन बंद झालं तरी पाइपात दाब तसाच राहतो."

"किती?"

"तीन बार."

"तीन? टायरात दोन असते हवा."

"हो."

"किती वेळ राहतो?"

"तास. कधी दोन तास." ती थांबली. "पाइप ओढला की थेंब नाही पडत. फवारा उडतो. समोर तापलेला बल्ब असेल तर तो गार पेट्रोलनं फुटतो, आणि..."

"कळलं," मिस्त्री म्हणाला.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, पाटी वाचली असावी, निघून गेला.

"हे त्याला माहीत होतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"कंपनीच्या वर्गात तेच शिकवतात आधी," पक्कड म्हणाली.

"मग बोलला का नाही?"

आता सगळे ताईकडे बघत होते. हे थोरल्यालाही माहीत नव्हतं. हे तिनं व्हरांड्यातही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं सांगितलं.

"बोलला," ती म्हणाली. "तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाबा थांबा, आधी फ्यूज काढू. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नको, दिवा धर." तिचा आवाज तिथं फुटला. "आणि त्यानं धरला, बाबा."

थोरला खाली बसला. एवढा मोठा माणूस, पण रिकामं पोतं टाकावं तसा. "मी तुम्हाला वाचवायला केलं," तो म्हणाला. बापाला म्हणाला, पण बघत होता धाकटीकडे. "मला एकाच रात्रीत ठरवायचं होतं. तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं मी?"

त्याच्या बायकोनं थर्मास खाली ठेवला, उठली, नवऱ्याच्या खुर्चीपुढून चालत गेली आणि धाकटीशेजारी जमिनीवर बसली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. नवऱ्याची बाजू सोडून ती पहिल्यांदाच बसत होती.

"तुम्हाला माहीत होतं, वहिनी?" धाकटीनं विचारलं.

"नाही गं. पण हे झोपेत बोलतात. फ्यूज काढला नाही, फ्यूज काढला नाही. मला वाटायचं घरातल्या दिव्यांचं काहीतरी."

धाकटी रडली नाही. ती ताईकडे वळली, आणि ताईला वाटलं, ही आता मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तो गेल्यावर महिनाभर मी त्याच्या शर्टांचे खिसे हुंगत होते," धाकटी म्हणाली. "सगळ्यांचे. धुतलेल्यांचे पण. वास सापडत नव्हता. मला वाटलं, किती हुशारीनं लपवत होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलला आणि वास पण येऊ दिला नाही. अकरा वर्षं मी त्या माणसाशी भांडतेय, ताई. रोज. भाजी चिरताना, बसमध्ये. एकदाही त्याच्यासाठी म्हणून रडले नाही. रागच इतका होता."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला काय माहीत आहे? तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवायचात. मी त्याला शिव्या दिल्या की तुम्ही मला म्हणायचात, जाऊ दे, गेलेल्या माणसाला बोलू नये." धाकटीचे ओठ पांढरे पडले होते. "किती चांगल्या आहात तुम्ही, असं वाटायचं मला."

ताईनं मान खाली घातली. माफी मागावी असं तिच्या मनात आलं होतं, पण कुठल्या तोंडानं? मागितली असती तर धाकटीला ती द्यावी तरी लागली असती नाहीतर नाकारावी लागली असती, म्हणजे पुन्हा कष्ट तिलाच.

मिस्त्री उठला. त्याला उठायला वेळ लागायचा. आज जास्त लागला. सगळ्यांना वाटलं तो भिंतीकडे जाणार. तो तिकडे वळलाच नाही. त्या दिवशी गॅरेजमध्ये सहा गाड्या उभ्या होत्या. तो एकीपाशी गेला, वाकून मागचा दिवा पाहिला, बॉनेटवर हात फिरवला.

"ही कुठली?"

"तिसरी," पक्कड म्हणाली.

"दुसरीसारखीच दिसते," तो म्हणाला. कुणाला दोष देत नव्हता. नुसतं म्हणाला. मग त्यानं खटका दाबून बॉनेट वर केलं. "दाखव."

"आजोबा, आज नको."

"तो जे करू म्हणत होता, ते दाखव."

पक्कडनं आईकडे पाहिलं. धाकटी उठून उभी राहिली होती. अकरा वर्षांत ती कुठल्या बॉनेटजवळ गेली नव्हती. ती आली आणि मडगार्डपाशी थांबली, हातानं पत्रा धरून.

"दाखव त्यांना," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."

पक्कडनं ड्रायव्हरच्या बाजूचं छोटं झाकण उघडलं. एवढासा निळा फ्यूज, नखाएवढा. तिनं तो चिमट्यानं उपटला आणि आजोबांच्या चांगल्या हातावर ठेवला. "हा पंपाचा. हा काढला की पंप बंद." मग आत बसून तिनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पाइपात उरलेलं पेट्रोल पीत राहिलं, मग खोकलं, गचके खाल्ले, आणि आपोआप थांबलं. पक्कडनं पुन्हा एकदा किल्ली फिरवली. काही झालं नाही.

"आता पाइपात काही नाही," ती म्हणाली. "आता काढायचा."

मिस्त्रीनं फडकं पाइपावर धरलं आणि दोन बोटांनी चिमटा दाबून पाइप ओढला. तो निघाला. काहीच झालं नाही. फडक्यावर वाटीएवढा ओला डाग पडला, पेट्रोलचा वास आला, बस्स.

तो पाइपाच्या उघड्या तोंडाकडे बघत वाकून उभा राहिला. थोरला त्याला धरायला पुढे आला आणि मध्येच थांबला. हात लावावा की नाही, त्याला कळेना.

"किती वेळ लागला?" मिस्त्रीनं विचारलं.

"कशाला?"

"या सगळ्याला. फ्यूज काढल्यापासून."

पक्कडनं घड्याळाकडे पाहिलं. तिला खोटं बोलता आलं असतं. तिनं ते आज एकदा करून पाहिलं होतं.

"दीड मिनिट, आजोबा. फार तर."

मिस्त्रीनं मान हलवली. गिऱ्हाइकानं कधी येऊ विचारल्यावर जशी हलवायचा, तशी.

"दीड मिनिट," धाकटी म्हणाली. तिनं मडगार्डवरचा हात सोडला, चाकाला टेकून तेलकट जमिनीवर बसली, आणि नवऱ्याचं नाव घेऊन रडायला लागली. अकरा वर्षांत कुणी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. साडी खराब होते आहे, उठ, असं तिला कुणी म्हणालं नाही.